पडला त्याच्या फॉर्मवर 'कारण' म्हणून काय लिहू?

स्टोअर_बी_शिफ्ट

आमच्याकडे गेल्या मंगळवारी एक जण पडला. स्टोअरमधून पॅकिंगकडे जाताना शटर लागतं, त्याच्या जरा अलीकडे. हातात खोका, दुपारी दोनची शिफ्ट बदलायची वेळ. उजव्या मनगटाचं हाड मोडलंय, सहा आठवडे प्लॅस्टर. मी आत मोजणी करत होतो, आवाज ऐकून धावलो तर हा फरशीवर बसलेला आणि पहिलं वाक्य काय, "माल फुटला नाही ना?"

अपघाताचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलंय. 'कारण' या रकान्यात दोन बोटं जागा आहे. नमुना बघायला म्हणून जुनं रजिस्टर काढलं तर वर्षभरात त्याच पट्ट्यात आणखी दोघं पडलेत. मला पत्ताच नव्हता, दोघंही दुसऱ्या शिफ्टचे. दोन्ही नोंदी एकाच अक्षरात: 'कामगाराचे दुर्लक्ष'. वरिष्ठ म्हणतात, तेच लिही, एक 'सावकाश चाला' असा बोर्ड लाव आणि मोकळा हो.

माझा हात अडलाय. तिघांचं दुर्लक्ष नेमकं त्याच दहा पावलांत कसं झालं? मी जाऊन फरशी बघितली. कोरडी, स्वच्छ, कुठे वायर नाही, खड्डा नाही. इथे साइटवरचे, सेफ्टीतले बरेच लोक आहेत म्हणून विचारतो. काय लिहू?

काटकोन

आधी हे सांगा, तो पुढे पडला की मागे?

गंमत म्हणून विचारत नाहीये. घसरणं आणि अडखळणं आपण एकाच पोत्यात भरतो, पण दोन्ही उलट्या दिशेच्या गोष्टी आहेत. घसरताना टाच टेकते आणि पुढे निसटते, धड मागे राहतं, माणूस ढुंगणावर किंवा पाठीवर आपटतो. अडखळताना पंजा अडतो, धड पुढे जातं, गुडघे आणि तळहात फुटतात. लागलं कुठे ते बघून अर्धं कारण कळतं.

चालताना आपला पंजा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. म्हणजे उचकटलेल्या फरशीची सेंटिमीटरभर कडाही अडखळायला पुरते. खड्डा हवा असं काही नाही.

स्टोअर_बी_शिफ्ट

मागे. बसकण मारली आणि हात मागे टेकला, तो म्हणतो. म्हणजे घसरला. पण फरशी कोरडी होती हो.

काटकोन

तुम्ही किती वाजता बघितलीत?

स्टोअर_बी_शिफ्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. ...हं. कळलं.

तीस_वर्षं_शॉपफ्लोअर

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. मी सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलं. पडणाऱ्यांतले अर्धे कानाला मोबाईल लावून चालत असतात, उरलेले जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरतात. बूट दिले तर घालत नाहीत, टाच दाबून सपाता करून वापरतात. प्रत्येक वेळी व्यवस्थेवर ढकललं की माणसाने डोळे कशाला ठेवलेत? खोका इतका मोठा होता की पुढचं दिसत नव्हतं, असंही असेल. मग दुर्लक्ष नाही तर काय?

काटकोन

काका, खोक्यामुळे पुढचं दिसत नव्हतं, तर 'कारण' खोका झालं की. ट्रॉली का नव्हती? होती तर का घेतली नाही? तिथवर जाऊन थांबलं तर पुढचा माणूस वाचतो. 'दुर्लक्ष' लिहिलं की शोध तिथेच बंद. त्या शब्दापुढे करण्यासारखं काही उरतच नाही, बोर्ड लावणं सोडून.

परांचीवाला

माझं काम उंचीवरचं, पण हे वाचून एक प्रसंग आठवला.

स्लॅबमध्ये डक्टसाठी भोकं ठेवतात, त्यावर प्लायचा तुकडा टाकून झाकतात. एकदा एका गड्याला प्लाय हवा होता. समोर पडलेला दिसला, वाकून दोन्ही हातांनी उचलला, उभा धरला आणि चालायला लागला. प्लाय उभा धरला की समोरचं काहीच दिसत नाही. पहिलंच पाऊल त्याच भोकात. प्लाय आडवा अडकला म्हणून काखेपर्यंत गेला आणि लटकला. एक बूट निसटून खाली गेला. तो बूट आपटल्याचा आवाज यायला किती वेळ लागला ते माझ्या कानात अजून आहे.

रिपोर्टमध्ये काय आलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. आम्ही मात्र त्यानंतर एकही झाकण सुटं ठेवलं नाही. चारी कोपऱ्यांना स्क्रू, आणि वर लाल रंगाने 'खाली भोक आहे'. 'सावधान' लिहून काय होतं? कशापासून सावधान, ते कळायला नको?

बादली_आणि_मी

मी साफसफाईची टीम सांभाळते, २२ जणी आहेत. फरशीबद्दल आमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि आम्हाला कुणी विचारतही नाही, म्हणून लिहिते.

कोरडी आणि ओली इतकंच बघू नका. साबण किती घातला ते बघा. बाटलीवर लिहिलेलं असतं बादलीला एक झाकण, पण वास छान यावा म्हणून तीन-चार झाकणं पडतात. पाणी उडून जातं, साबणाचा पापुद्रा राहतो. दिसायला चकचकीत. मग कुणाच्या बुटाला पावसाचं पाणी असलं किंवा बाटलीतून चार थेंब सांडले की तो पापुद्रा जागा होतो. तेलाचंही तसंच, नुसता ओला मॉप फिरवला की एका जागचं तेल दहा फुटांवर पसरतं. आधी भुसा किंवा शोषक टाकून उचलायचं असतं.

आणि वेळ. मॉप नीट पिळला नसेल तर फरशी वाळायला भरपूर वेळ लागतो. आम्ही रस्त्याची अर्धी रुंदी पुसतो, ती वाळली की उरलेली अर्धी, म्हणजे चालायला कोरडी बाजू कायम राहते. पिवळी पाटी फरशी वाळल्यावर लगेच उचलायची. दिवसभर तिथेच उभी राहिली तर ती कुंडीसारखी होते, नजर तिच्यावरून घसरते.

तुमच्याकडे पुसणारं कोण आहे आणि किती वाजता पुसतात, ते विचारा. आणि दरडावून नको, त्यांना वाटेल आळ घालायला आलात.

सिरॅमिक

फरशी हा माझा धंदा, म्हणून दोन गोष्टी टाकतो. घसरण अंगठ्याने चाचपून कळत नाही, मोजायला यंत्र असतं. ब्रिटनमध्ये लोलक वापरतात: टोकाला रबर लावलेला एक हात वरून झुलत येतो, फरशीवर घासून पुढे जातो, घासण्याने किती अडला त्यावरून आकडा निघतो. ओल्या फरशीवर ३६ किंवा जास्त आला तर धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ पर्यंत जास्त. कोरडेपणी चांगला आकडा देणारी गुळगुळीत फरशी ओली झाली की कोसळते, म्हणून मोजायचं ते ओलं करूनच.

कारण अगदी साधं आहे. टाच टेकते तेव्हा मधलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. पृष्ठभागाला खरखर असेल तर तिची टोकं पाण्याचा थर भेदून सोलला भिडतात. साध्या पाण्यासाठी साधारण २० मायक्रॉनची खरखर पुरते, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी. डोळ्याला ती दिसणार नाही. तेल दाट असतं, त्याला यापेक्षा बरीच जास्त लागते.

जाता जाता बुटांबद्दल. 'ऑइल रेझिस्टंट' याचा अर्थ तेलाने सोल खराब होत नाही एवढाच. तेलावर घसरत नाही असा नव्हे. खरेदी विभागाला हे सांगून सांगून थकलो.

फिरती_खुर्ची

ऑफिसात बसणाऱ्यांनी हसू नये. मी चाकांच्या खुर्चीवर उभी राहून वरच्या कपाटातली फाइल काढत होते. खुर्ची मागे, मी पुढे, हनुवटीला सहा टाके. शिडी होती, पण ती तळमजल्यावर कुलपात. किल्ली मागायला जाऊन येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली असती.

आता शिडी आमच्याच मजल्यावर असते. बाकी काही बदललं नाही, माझा स्वभावही नाही.

परांचीवाला

@फिरती_खुर्ची, शिडीचा विषय निघालाच आहे तर. सरळ शिडी भिंतीला टेकवताना चारास एक. जिथे टेकली ती उंची चार फूट असेल तर पाय भिंतीपासून एक फूट. १६ फुटांवर टेकली तर चार फूट. मोजपट्टी नको, शिडीच्या पायाला बोटं टेकवून सरळ उभं राहायचं, हात समोर ताठ करायचे, तळवे समोरच्या दांड्यावर आरामात बसले तर कोन बरोबर. छतावर चढायचं असेल तर शिडी कडेच्या वर तीन फूट जायला हवी, नाहीतर उतरताना धरायला काही नसतं आणि पाय हवेत चाचपत राहतो. कमरेचा बक्कल दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेला की समजायचं आपण जास्त झुकलोय, उतरून शिडी सरकवायची. घडीची शिडी मिटून भिंतीला टेकवणारे महाभाग रोज दिसतात. तिचे पाय त्या कोनासाठी बनवलेलेच नसतात.

सुपरवायझर काकांना एक सांगतो. आमच्याकडे एकाने सेफ्टी बेल्टचा हूक काढला म्हणून त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या जागी चढलो. दोरी पोचतच नव्हती. काम करायचं तर हूक काढणं भागच होतं.

तीस_वर्षं_शॉपफ्लोअर

हे मान्य. असं माझ्याही हाताखाली झालंय. पण मोबाईलचं मी मागे घेत नाही.

गणिती

बेल्टवरून: बेल्ट लावला म्हणजे वाचलो, हा समज घातक आहे. हिशोब करून बघा. १.८ मीटरची दोरी, त्यात धक्का शोषणारा पट्टा उलगडतो तो सुमारे १.१ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत माणूस १.५, हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे, ताणतो ०.३, आणि शिवाय थोडी मोकळीक ०.९. बेरीज ५.६ मीटर. हूक जिथे अडकवला तिथून खाली इतकी जागा मोकळी हवी. चार मीटर उंचीच्या मजल्यावर पायाजवळच्या पाइपला हूक लावून काम करणारा माणूस कागदावर सुरक्षित असतो. प्रत्यक्षात दोरी ताठ होते, पण ती त्याला पूर्ण थांबवायच्या आधी तो जमिनीवर असतो. म्हणून हूक डोक्याच्या वर, किंवा दोरीच इतकी आखूड की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, त्यात पडणंच होत नाही.

हूक बाजूला लांब असेल तर माणूस झोपाळ्यासारखा झुलून भिंतीवर किंवा खांबावर आदळतो, तेही धरायला हवं.

आणि 'दोन मीटर म्हणजे काय उंची?' म्हणणाऱ्यांसाठी: दोन मीटरवरून जमिनीवर यायला ०.६४ सेकंद लागतात, आपटताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे. सावरायला वेळच नाही. अमेरिकेत बांधकामावर ६ फुटांपासून बचावाची सोय बंधनकारक आहे, इतर बहुतेक कारखान्यांत ४ फुटांपासून. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत उंचीचा आकडाच नाही. पडून इजा होईल अशी कुठलीही उंची, बस्स.

पांढरा_कोट

रुग्णालयात काम करते. दोन गोष्टी, घाईत लिहितेय.

पडलेल्याला लगेच उचलून उभं करू नका. सगळे काखेत हात घालून उठवतात. मान, पाठ, कंबर दुखतेय का विचारा, पाय हलवायला सांगा, शंका असेल तर तिथेच राहू द्या आणि मदत बोलवा. डोकं आपटलं असेल तर 'मी ठीक आहे' यावर जाऊ नका, पुढचा दिवसभर कुणीतरी सोबत हवं. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर लगेच दवाखाना. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वाट बघूच नका.

दुसरं, हार्नेसला लटकलेला माणूस वाचला असं समजून शिडी शोधत बसू नका. मांडीचे पट्टे दाबतात, पाय लोंबकळत राहतात, रक्त पायात साचतं, शुद्ध जाते. मिनिटांचा खेळ असतो. त्याला उतरवायचं कसं, ते चढायच्या आधी ठरलेलं हवं.

जुनी_कात्रणं

किंचित अवांतर, पण विषयाला धरून आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ मध्ये बांधला. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस. त्याने पुलाच्या खाली, काम चालू असेल तिथे जाळं बांधून घेतलं. त्या जाळ्यात पडून १९ जण वाचले आणि त्यांनी स्वतःचं मंडळ काढलं, 'हाफवे टू हेल क्लब', नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परत आलेल्यांचं. आता हे १९ जण बेसावध होते का? असतीलही एखाद-दोन. जाळ्याने विचारलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. १७ फेब्रुवारी १९३७ ला कामाचा एक भलामोठा फलाट सुटून जाळ्यावर कोसळला, जाळं फाटलं आणि दहा जण मेले. जाळं माणसांचं वजन पेलायला बांधलं होतं, फलाटाचं नव्हे.

काटकोन

@जुनी_कात्रणं, अवांतर कसलं, हाच तर मुद्दा. म्हणूनच क्रम लावतात: शक्य असेल तर उंचीवरचं काम खालीच करा, नाही जमलं तर कठडा, मग जाळं, मग बेल्ट. बोर्ड आणि भाषण अगदी शेवटी. आपण मात्र उलटे, बोर्डापासून सुरुवात करतो कारण तो एका दिवसात लागतो.

धागाकर्ते कुठे गेले?

स्टोअर_बी_शिफ्ट

आलो. चार दिवस लागले, पण लिहिण्यासारखं आहे.

बादली ताईंनी सांगितलं तसं आमच्याकडे पुसणाऱ्या मावशींना विचारलं. आळ घालायला नाही आलोय असं आधीच सांगितलं. त्या दोनला पंधरा मिनिटं असताना तो पट्टा पुसतात. का, तर दोन वाजता साहेबांची फेरी असते, फरशी चमकायला हवी. म्हणजे दोनच्या ठोक्याला एक शिफ्ट बाहेर, एक आत, आणि मध्ये ओली फरशी. रोज.

पण रोज ओली असते तर रोज लोक पडायला हवेत. हे मी बोलून दाखवलं तर मावशी म्हणाल्या, "सगळीकडे नाही हो घसरत, शटरपाशी घसरतं. मी तिथे चपला काढूनच पुसते." इतक्या सहज म्हणाल्या. मी विचारलं, कधीपासून? "ते नवीन केलं ना, तेव्हापासून."

नवीन काय केलं ते मला आठवेना. मेंटेनन्सला विचारलं. गेल्या वर्षी शटरच्या मोटरची केबल टाकायला फरशी खोदली होती, नंतर त्यावर एपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा लेप, मारलं. दारापासून साधारण सव्वा मीटर रुंदीचा पट्टा. रंग तोच राखाडी, जुन्या-नव्याची वेस उभं राहून दिसतच नाही. मी गुडघ्यावर बसून तळहात फिरवला. जुन्या बाजूला पॉलिश पेपरसारखं लागलं, नव्या बाजूला ताटासारखं. मूळ एपॉक्सीत वाळू मिसळली होती, डागडुजीवाल्याने ती घातलीच नाही. सिरॅमिक म्हणाले ते वीस मायक्रॉन, तेच. मग पेला घेऊन दोन्हीकडे थोडं पाणी ओतलं. जुन्या बाजूला ते पसरून दबलं, नव्या बाजूला तसंच थबकून उभं राहिलं.

रजिस्टरमधली पहिली नोंद खोदकामाच्या पुढच्या महिन्यातली आहे.

तर 'कारण' असं लिहिलं: 'शटरसमोरील दुरुस्त केलेला पट्टा गुळगुळीत, खरखरीविना, शिफ्ट बदलण्याच्या वेळी ओला, ट्रॉली दुसऱ्या टोकाला असल्याने माल हातात.' दोन बोटांत मावेना, मागच्या बाजूला लिहिलं. वरिष्ठांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे वर गेलं तर डागडुजीचं बिल कुणी पास केलं ते विचारतील. मी म्हटलं, विचारू द्या. मनातल्या मनात म्हटलं, खरं सांगायचं तर. तोंडाने फक्त 'बरं' म्हणालो. पण फॉर्म बदलला नाही.

पुसायची वेळ अडीचवर गेलीय, मावशीच सर्वांत खूश. पट्टा रविवारी घासून वाळूसकट पुन्हा करणार, तोवर तिथे खरखरीत चिकटपट्टी मारलीय. लोलकवालं यंत्र काही मिळणार नाही, पण नवा पट्टा झाला की ओला करून बूट घालून मी स्वतः चालून बघणार आहे.

'सावकाश चाला' बोर्ड छापून आला होता. सध्या माझ्या टेबलामागे उलटा ठेवलाय.

तीस_वर्षं_शॉपफ्लोअर

चपला काढून पुसते म्हणाल्या ना त्या, ते वाचून गप्प बसलो जरा वेळ. माझ्या तीस वर्षांत किती जणांना विचारायचं राहून गेलं देव जाणे.

बोर्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'ट्रॉली इथे ठेवा' लिहा आणि स्टोअरच्या दाराशी लावा. फुकट जायला नको.

स्टोअर_बी_शिफ्ट

काका, हे भारी आहे. उद्याच करतो.

एक शेवटचं विचारतो. त्या आधीच्या दोघांच्या नोंदी अजून 'कामगाराचे दुर्लक्ष' अशाच आहेत. त्यातला एक जण कामावर आहे, त्याला त्या वेळी लेखी ताकीदही मिळाली होती असं आज कळलं. जुन्या नोंदी बदलता येतात का?

काटकोन

खोडू नका, रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर सगळ्यावरच शंका येईल. त्याच नोंदीखाली आजची तारीख घालून पुरवणी लिहा: 'नंतर आढळलेले कारण', आणि या फॉर्मचा क्रमांक. ताकीदपत्राच्या फाइलला त्याची प्रत जोडा. आणि त्या माणसाला बोलावून ते पान दाखवा.